मेल्चोराची जीभ

पेरू देशातल्या आमच्या तियाबाया गावात खानावळीला नाव मालकीण देत नाही, जेवायला येणारे देतात. नगरपालिकेच्या परवान्यावर आमच्या पिकांतेरियाचं, म्हणजे खानावळीचं, नाव काहीतरी भलतंच आहे, 'मे महिन्याची फुलं' की असलंच काहीसं. मलाही ते कागद काढून बघावं लागतं. लोक म्हणतात, 'मेल्चोराकडे जाऊ या.' मेल्चोरा म्हणजे माझी आई. तिच्याआधी लोक 'आसुंताकडे' जात, ती माझी आजी. आजी चुलीपुढून उठली, आई बसली, आणि पाच-सात वर्षांत लोकांच्या तोंडातलं नाव आपसूक बदललं. त्यासाठी कुणी पाटी रंगवली नाही की दवंडी पिटली नाही.

मी एदेल्मिरा. वय चौपन्न. गेली अकरा वर्षं या घरातलं प्रत्येक पातेलं मीच चढवते आणि मीच उतरवते. तरी रस्त्यात भेटणारा माणूस मला 'मेल्चोराची पोरगी' म्हणतो. मी वाट बघत होते, हे कबूल करते. आई कधीतरी आपली जागा सोडेल आणि कुणीतरी सहज बोलून जाईल, 'चला, आज एदेल्मिराकडे जेवू.' याला लोभ म्हणायचं असेल तर म्हणा. दुसरा कुठला लोभ मला परवडलेला नाही.

अशात माझ्या भावानं, पर्सीनं, आपली मुलगी लिमाहून आमच्याकडे पाठवली. फियोरेला सव्वीस वर्षांची. जुन्या दुकानांना, खानावळींना नवं रूप द्यायचं काम करते: पाटी, रंग, लोगो, वेबसाइट. पर्सीचं म्हणणं, शंभर वर्षांचं घर आहे आणि इंटरनेटवर शोधलं तर कुणा पर्यटकानं काढलेला आमच्या कुत्र्याचा फोटो तेवढा सापडतो. ते खरंच होतं. तो कुत्रा मरूनही चार वर्षं झाली होती.

पोरगी आली ती कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊनच स्वयंपाकघरात शिरली. पहिल्याच दिवशी तिची तिच्या आजीशी, म्हणजे माझ्या आईशी, जुंपली. तिनं वेबसाइटवर असं पान केलं होतं की कुठलंही सूप कुठल्याही वारी मागवता यावं. आई म्हणाली, मंगळवारी चाइरो, बुधवारी चोचोका, शुक्रवारी नदीतल्या कोळंबीचा चुपे. बुधवारी कुणाला चाइरो हवा असेल तर त्याला सांग, सहा दिवस थांब.

"आजी, लोक थांबत नाहीत गं आता."

"मग त्यांना भूक लागलेली नाही."

दुसरं भांडण टेबल राखून ठेवण्यावरून झालं. आमच्याकडे टेबलं नाहीतच, लांबच लांब बाकं आहेत. कोर्टातला न्यायाधीश आणि कांद्याचा ट्रक चालवणारा एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात, आणि चिचाचा, मक्याच्या आंबवलेल्या पेयाचा, मोठा पेला एकमेकांकडे सरकवतात. अशा बाकाला नंबर कुठून घालायचे? फियोरेलानं दोन दिवस सगळं बघितलं आणि ती दोन्ही पानं स्वतःहून पुसून टाकली. मला ती मुलगी आवडायला लागली होती, तीच तर पंचाईत झाली.

कारण चौथ्या दिवशी तिनं नवं रूप दाखवलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. काळ्या मक्याच्या चिचाचा जांभळट रंग, त्यावर गवती टोपी घातलेला आईचा चेहरा, चेहऱ्याखाली ठसठशीत अक्षरांत 'मेल्चोरा'. आणि त्याखाली एक ओळ: 'इथलं प्रत्येक पातेलं आजही मेल्चोराच्या जिभेवरून जातं.' हेच नाव आता कायद्यानं नोंदवायचं होतं. पाटीवर, वेबसाइटवर, बाटल्यांवर, सगळीकडे तेच.

"कायमचं?" मी विचारलं.

"कायमचं, आत्या. त्यातच तर गंमत आहे."

मी छान म्हणाले आणि कांदे चिरायला गेले.

आता जिभेचं सांगते. तीन वर्षांपूर्वी आईला ताप आला होता. ताप गेला, आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. मला कळलं ते दुधावरून. दूध करपून घरभर वास सुटला होता आणि आई त्या पातेल्याशेजारी शांतपणे बसून होती. ती याबद्दल कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे पद्धत अशी की साडेअकराला मालकीण पातेल्यांपाशी बसते, चाखते, आणि ती 'वाढा' म्हणेपर्यंत एक वाडगा बाहेर जात नाही. तिच्या तोंडाला पळी लागल्यावर दुसऱ्या कुणी चाखायचं नाही. तर आई रोज टोपी घालून बसायची, मी पळी पुढे करायची, ती घोट घ्यायची आणि म्हणायची, 'मीठ किंचित', किंवा 'अजून दोन उकळ्या', किंवा 'वाढा'. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. तरी म्हातारीचा मान राहावा म्हणून ती सांगेल तसं करायची. चिमूटभर मिठानं काय बिघडतं?

बुधवारी फियोरेलाला वेबसाइटच्या पहिल्या पानासाठी शेवटचा व्हिडिओ घ्यायचा होता: मेल्चोरा चोचोका चाखते आणि 'वाढा' म्हणते. त्या दिवशी मी चोचोकात मीठ घातलं नाही. मी विसरले नव्हते. हे नीट सांगून टाकते, कारण पुढे मला स्वतःलाच तसं पटवायचा मोह झाला. मिठाचं भांडं हातात घेतलं होतं आणि जागेवर परत ठेवलं.

पुढे काय, ते मी धड ठरवलंही नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की आई छान म्हणेल, मग आमची रीत ठाऊक नसलेली फियोरेला एक घोट घेईल, तोंड वाकडं करेल, आणि ती जिभेची ओळ तिथल्या तिथं गळून पडेल. मला तोंड उघडावं लागणार नाही.

आईनं पळी तोंडाला लावली. घोट नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात ठेवला. मग म्हणाली, "नेमकं झालंय. वाढा."

फियोरेलानं कॅमेरा खाली केला आणि आजीच्या गालाची पापी घेतली. तिनं चाखलं नाही. ती मांस खात नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि तोपर्यंत आमच्या दोन वाढणाऱ्या बायका वाडगे भरून बाहेर गेल्याही होत्या.

चाळीस माणसं त्या दिवशी अळणी चोचोका जेवली. कुणी मीठ मागितलं नाही. आमच्याकडे मीठ मागणं म्हणजे स्वयंपाक करणारीला तोंडावर सांगणं की बाई, तुला येत नाही. माझ्या आयुष्यात एकाच माणसानं मागितलं होतं, तो लिमाचा होता, म्हणून सोडून दिलं. शिवाय मेल्चोरा स्वतः 'नेमकं झालंय' म्हणाली होती, सगळ्यांनी ऐकलं होतं. प्रत्येकानं पहिला घास घेतला, जरा थबकला, शेजाऱ्याकडे बघितलं, टोपीतल्या आईकडे बघितलं आणि मान खाली घालून जेवू लागला. वाटलेल्या मिरचीच्या वाट्या मात्र तीनदा भराव्या लागल्या.

बाकाच्या पहिल्या जागेवर डॉन सिप्रियानो होते; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे मानानं डॉन म्हणतात. ब्याऐंशी वर्षांचे, जन्मभर खाणीत पांढरा दगड फोडलेले, रोज दुपारी बाराला येणारे. त्यांनी हळूहळू सगळा वाडगा संपवला. उठताना नेहमीसारखं म्हणाले, "देव भलं करो, मेल्चोरा." पण म्हणताना आईकडे बघितलं नाही. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी त्यांचा रिकामा वाडगा दोनदा घासला.

गुरुवारी डॉन सिप्रियानो आले नाहीत. शुक्रवारीही नाही. शुक्रवारचा कोळंबीचा चुपे त्यांनी चाळीस वर्षांत एकदाच चुकवला होता, दोन वर्षांपूर्वी, बायको गेली त्या दिवशी. शनिवारी सकाळी बाजारात त्यांची सून भेटली. म्हणाली, मामंजींनी अंथरूण धरलंय. म्हणतात, माझी जीभ मेली. बुधवारी मेल्चोरानं चाखून दिलेलं सूप मला गरम पाण्यासारखं लागलं, आणि बाकीचे सगळे मुकाट जेवत होते. म्हणजे मीच संपलो. त्यांच्या थोरल्या भावाचं दुखणं असंच जिभेपासून सुरू झालं होतं, चार महिन्यांत आटोपला. आता घरी काही दिलं तरी दोन घास घेऊन ताट सरकवतात. सून सांगत होती आणि मी पिशवीतले बटाटे मोजल्यासारखं करत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हाताऱ्याला स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या आईच्या जिभेची खात्री जास्त होती. स्वतःची जीभ मेली असं मानणं त्याला सोपं गेलं, पण मेल्चोरा चुकली असं त्याच्या मनात आलंसुद्धा नाही.

दुपारची गर्दी ओसरली तशी फियोरेला लॅपटॉप घेऊन आली. सोमवार-मंगळवारचं, त्याआधीच्या शुक्रवार-शनिवारचं आणि बुधवारचं, असं पाच दिवसांचं आजीचं चाखणं तिनं टिपलं होतं, त्यातला कुठला तुकडा घ्यायचा ते मी सांगायचं होतं. मला बघवत नव्हतं. मी म्हटलं, कुठलाही घे.

"थांब ना. एक गंमत बघ, आत्या. आजी चाखताना पातेल्याकडे बघतच नाही. पळीकडेही नाही. तुझ्याकडे बघते. पाचही दिवस."

तिनं एकामागून एक दाखवलं. शनिवारी मला मांस जरा करकरीत वाटत होतं, कपाळाला आठी होती. आईनं घोट घेतला, माझ्या कपाळाकडे बघितलं, 'अजून दोन उकळ्या' म्हणाली. सोमवारी मी मिठाबद्दल साशंक होते, भांड्याकडे एकदा नजर गेली होती. आई म्हणाली, 'मीठ किंचित.' मंगळवारी मला काहीच खटकत नव्हतं. आईनं पळी खाली ठेवायच्या आधीच 'वाढा' म्हटलं होतं. तीन वर्षं मी तिचा मान राखत होते म्हणे. ती माझ्याच मनातलं मला वाचून दाखवत होती, आणि मला वाटत होतं म्हातारी उगाच तोंडाची वाफ दवडतेय.

मग बुधवार आला. आई बघतेय, बघतेय, घोट तोंडात तसाच. आणि पलीकडे मी उभी. ते तोंड माझं आहे हे पटायला मला वेळ लागला, इतकं ते वाईट दिसत होतं.

आई मागच्या अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर पाटावर बसले.

"आई, बुधवारी तुला कळलं होतं."

"काहीतरी आहे एवढं कळलं. काय ते नाही कळलं." तिचे हात चालूच होते. "काय होतं?"

"मीठ नव्हतं."

"अजिबात?"

"अजिबात नव्हतं. मी घातलं नाही."

आईनं दोन शेंगा सोलल्या. मी विचारलं, मग वाढा का म्हणालीस. ती म्हणाली, पोर कॅमेरा घेऊन उभी होती, तिच्यापुढे तुझं हसं करू? मी तिचं हसं करायला निघाले होते आणि ती माझं झाकायला बसली होती. मला रडू फुटलं. चौपन्न वर्षांची बाई मी, पावट्याच्या सालांत तोंड खुपसून रडले. आईनं जवळ घेतलं नाही.

"माझं हसं करायचं होतं तर मला एकटीला वाडगा द्यायचास, एदे. चाळीस माणसांना अळणी का जेवू घातलंस?" मग म्हणाली, "आणि मी तरी कसली. तुझं तोंड बघून पातेलं खाली उतरवायला हवं होतं. मी कॅमेऱ्याचा विचार केला."

मी तिला डॉन सिप्रियानोंचं सांगितलं. तेव्हा मात्र तिचे हात थांबले.

"आजचं सूप डब्यात घे आणि जा. सगळं सांग. माझंही सांग."

"आई, तुझं कशाला? माझी चूक आहे, मी तेवढी सांगते."

"अर्धं सांगितलंस तर तो विचारेल, मेल्चोरानं चाखलं होतं ना? मग तुला खोटं बोलावं लागेल. म्हाताऱ्याला अजून किती फसवायचं?"

"गावभर होईल."

"होऊ दे. आणि त्या पोरीला सांग, ते जिभेचं वाक्य काढ. फोटो राहू दे. टोपीत मी बरी दिसते."

डॉन सिप्रियानो दारातल्या खाटेवर बसले होते, पायात बूट घालून, जणू कुठे निघायचंय. मला बघून म्हणाले, "पोरी, मेल्चोराला सांग, माझं आता संपलं. चांगलं अन्न माझ्यावर वाया घालवू नका." मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मीठ घातलं नव्हतं, मुद्दाम घातलं नव्हतं, तुमच्या जिभेला काही झालेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईनं सांगितलं होतं अगदी तेच विचारलं.

"पण मेल्चोरानं चाखलं होतं."

"आईला तीन वर्षं चव लागत नाही, डॉन सिप्रियानो. वासही येत नाही. सगळं मीच करते."

त्यांनी समोरच्या नासपतीच्या झाडाकडे मान वळवली.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे आमची ही गेली, तिच्या वर्षाच्या प्रार्थनेनंतर सगळे तुमच्याकडे जेवलो, ते कुणी केलं होतं?"

"मी."

"चाखलं कुणी?"

"मीच."

"ते जेवताना मला रडू आलं होतं. तिच्या हातचं आठवलं होतं." त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "आणि तूच मला पाणी पाजलंस."

मी हो म्हणाले. ते रागावतील, शिव्या देतील, निदान डबा तरी परत करतील असं वाटत होतं. ते म्हणाले, "ठेव आणि जा."

सोमवारपर्यंत गावात सगळ्यांना कळलं होतं. गर्दी नेहमीएवढीच होती, चार माणसं जास्तच, नुसती बघायला आलेली. आई टोपी घालून आपल्या जागी बसली. साडेअकराला सवयीनं मी पळी तिच्यापुढे धरली. तिनं ती माझ्या तोंडाकडे वळवली आणि पदर सावरावा तसा अॅप्रन सावरला. वाढणाऱ्या दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी चाखलं. पुन्हा एकदा चाखलं आणि मग 'वाढा' म्हटलं.

त्या संध्याकाळी फियोरेलानं विचारलं, आता नाव काय लिहू? तिला वाटलं असावं की मी माझं सांगेन. मी म्हटलं, लोक म्हणतात ते लिही, मेल्चोरा. नोंदणी-बिंदणी करू नकोस. उद्या दुसरं काही म्हणायला लागले तर तुला बदलता येतं ना? ती म्हणाली, वेबसाइट बदलता येते आत्या, पण असं कुणी करत नाही. मी म्हटलं, आम्ही शंभर वर्षं तेच करतोय. तिनं जिभेची ओळ पुसली आणि तिथे वारांची यादी टाकली, मंगळवारी चाइरो, बुधवारी चोचोका.

मंगळवारी बाराला डॉन सिप्रियानो आले. बाकाच्या पहिल्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. ते बसले, टोपी मांडीवर ठेवली. त्यांच्यापुढे चाइरोचा वाडगा आला. त्यांनी चमचा उचलला नाही. मान वर केली, आईकडे बघून जरा मान लववली आणि मग तिच्या खांद्यावरून चुलीकडे बघत मला शोधलं. शेजारच्यांचे हात थांबले.

मी तो चाइरो तीनदा चाखला होता. बरोबर होता, मला ठाऊक होतं. मी मान हलवली.

"तोंडानं सांग," डॉन सिप्रियानो म्हणाले.

"बरोबर झालाय," मी म्हणाले. "जेवा."

त्यांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. अकरा वर्षं मी नावाची वाट बघत होते, पण त्याच्यासोबत हे येतं ते मला ठाऊक नव्हतं: एक म्हातारा माणूस आपली जीभ तुमच्या शब्दावर सोपवून डोळे मिटून बसतो. आई हे एकटीनं किती वर्षं करत होती, आणि शेवटची तीन तर काहीच कळत नसताना. मी ओले हात तसेच धरून उभी होते. त्यांनी डोळे उघडले आणि दुसरा चमचा घेतला. तेव्हा कुठे मी हात पुसले. आणि उद्या बुधवार होता.